दुसऱ्याचा पाळणा, आपलं पोर



राजाच्या घरी पोर झालं की त्याची तिथी इतिहासात सापडते. त्याला दूध कुणी पाजलं, रात्री खांद्यावर घेऊन कोण फिरलं, त्या बाईचं नाव सापडत नाही. आणि ती बाई राजवाड्यात राबत होती तेव्हा तिचं स्वतःचं पोर कुठे होतं, हा प्रश्न तर कुठल्याच बखरीत नाही. तो प्रश्न मी इथे विचारणार आहे. दुसऱ्याचं पोर सांभाळणाऱ्या बाईचं पोर कोण सांभाळतं? वरवर बघता हा चुलीजवळचा प्रश्न. पण जात आणि मजुरी या दोन्हींचा गुंता त्याच्यात आहे, म्हणून तो आपल्या चळवळीचा प्रश्न आहे.

हिरकणीची गोष्ट आपण सगळे शाळेत शिकलो. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं एकटं, म्हणून ती अंधारात कडा उतरून गेली. ही दंतकथा सांगताना मास्तरांचा गळा दाटून येतो. पण दूध गडाला हवं होतं आणि तान्हं मात्र तिचं तिने बघायचं होतं, हे कुणी बोलत नाही. कड्यावर बुरूज बांधला, तिचं नाव दिलं, झालं काम. कामाला जाणाऱ्या बाईच्या धाडसाचं कौतुक करायचं आणि तिची सोय करायची नाही, ही रीत तेव्हापासून चालू आहे. आता एसटी स्टँडवर ‘हिरकणी कक्ष’ अशी पाटी असते. तेवढी सोय व्हायलाही विसावं शतक संपावं लागलं.

१

आमची मालवणची किनारपट्टी. नारळीपोफळी, समुद्र, तारकर्लीची वाळू, हे बाहेरच्यांना दिसतं. आमची वाडी या चित्राच्या बाहेर. गावात आमच्या बायांना काम होतं, पण ते खळ्यापर्यंतचं. शेण काढायचं, लाकडं आणायची, भात कांडायचं, लावणीला चिखलात उभं राहायचं, बांबूची सुपं-टोपल्या विणून द्यायच्या. उंबऱ्याच्या आत पाय नाही. म्हणजे मोठ्या घरचं पोर सांभाळायचं काम आमच्या बाईला मिळणारच नव्हतं. तिचा हात पोराला लागला तर पोर बाटणार.

पण त्यातही ढोंग बघा. महाराष्ट्रातल्या किती गावांत बाळंतपणाला महारामांगाची सुईण बोलवत होते. पोर पोटातून बाहेर काढायला, नाळ कापायला, वार पुरायला तिचे हात चालत. बाराव्या दिवशी पोर पाळण्यात गेलं की तेच हात विटाळाचे. जन्माच्या घाणीला आपण, आणि पोराच्या हसण्याला ते. जातीने कामं अशी वाटली होती.

आणि आमची पोरं? माझी आजी सांगते, लावणीच्या दिवसात आंब्याच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधायची, त्यात पोर टाकायचं आणि चिखलात उतरायचं. पोर रडलं तरी लगेच वर यायचं नाही, कारण धनी बांधावर उभा. आजीचे शब्द तसेच देते : ‘पोर झोळयेत निजता, पण भूक निजणा नाय.’ झोळीजवळ आठ वर्षांची मोठी बहीण बसवलेली असायची. ‘थोरलां चेडू म्हणजे दुसरी आवस,’ असंही ती म्हणते. हे वाक्य मी किती कौतुकाने ऐकलं होतं. पुढे हिशेब केला तेव्हा कळलं, आमच्या वाडीतल्या थोरल्या मुली शाळेत का दिसत नव्हत्या. धाकट्याचा पाळणा हाच त्यांचा वर्ग होता. आईला पगार नाही, मुलीला शाळा नाही, आणि धन्याचं भात वेळेवर लागलेलं.

२

मग मुंबई आली. कोकणातला माणूस बोटीने मुंबईला गेला. सगळेच गिरणीत शिरले नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गातलेही, कितीतरी पोरगे मुंबईच्या शेठलोकांच्या घरी नोकर म्हणून राहिले. भांडी घासायची, पाणी भरायचं, शेठच्या पोराला बागेत फिरवायचं, शाळेत सोडायचं. त्या सगळ्यांना नाव एकच : ‘रामा’. आईबापाने काही का नाव ठेवलेलं असेना. त्यातले किती स्वतःच पोरं होते! दहा-बारा वर्षांच्या पोराने पाच वर्षांच्या पोराचं दप्तर उचलायचं. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायची बंदी भारत सरकारने १० ऑक्टोबर २००६ पासून केली. रामाची तोवर कैक पिढ्यांची हाडं झिजून गेली.

रामा म्हणून राहायलासुद्धा जात आडवी यायची. आमच्यातल्याला जात लपवूनच त्या घरात शिरावं लागे. उघड दार एकच होतं, साहेबाच्या बंगल्याचं. तिथे सोवळं नव्हतं. बटलर, घोडेवाला, आया अशा नोकऱ्या अस्पृश्यांना तिथे मिळाल्या. ‘आया’ हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडून आला, गोव्याच्या वाटेने. साहेबाला मात्र आयाचं प्रेम तेवढंच, जेवढी तिची गरज. पोरं सांभाळायला म्हणून आयांना बोटीवर घालून विलायतेला न्यायचे आणि तिथे पोचल्यावर कित्येकींना वाऱ्यावर सोडायचे. परतीचं तिकीटसुद्धा नाही. अशा टाकलेल्या बायांसाठी लंडनमध्ये ‘आयांचं घर’ म्हणून वसतिगृह चालवावं लागलं. १९०० साली ते हॅकनी भागात गेलं. २०२२ साली त्या इमारतीवर निळी पाटी लागली. पाटीवर घराचं नाव आहे. महिनोन्‌महिने समुद्र ओलांडून दुसऱ्याची पोरं खेळवणाऱ्या त्या बायांची स्वतःची पोरं कुठल्या गावात, कुणाच्या ओट्यावर वाढली, त्याची पाटी कुठेच नाही.

३

गिरणीचं दार वेगळं. तिथे बाई मजूर म्हणून शिरली. १९२० च्या सुमाराला मुंबईच्या गिरण्यांत शंभरातल्या वीसेक बाया होत्या, बहुतेक रिळिंग आणि वाइंडिंग खात्यात. मीसुद्धा सूतगिरणीत वाइंडिंगलाच उभी असते, त्यामुळे ते खातं मला डोळ्यांसमोर दिसतं. धागा तुटला की जोडायचा, पुन्हा तुटला की पुन्हा जोडायचा. दूध भरून छाती ठणकायला लागली तरी मशीन थांबत नाही.

त्या बाया तान्ह्या पोरांचं काय करत? १९२२ साली मुंबई सरकारच्या कामगार कचेरीतर्फे डॉ. बार्न्स या बाई डॉक्टरने गिरणीकामगार बायांची पाहणी केली. तिच्या अहवालातला आकडा वाचून मी पान मिटलं होतं. कामगार बायांच्या शंभरातल्या ९८ तान्ह्यांना अफू दिली जात होती. बाळगोळी म्हणत तिला. सकाळी भोंग्याआधी गोळी चाटवायची, पोर गुंगीत पडून राहायचं, आई कामावरून येईतो. त्याच सुमाराला, १९२१ मध्ये, मुंबईत नोंदलेल्या हजार जन्मांमागे साडेसहाशेहून जास्त पोरं वर्षाच्या आत मरत होती. एका खोलीत दहा माणसं, पाणी नाही, हवा नाही. वर अफू.

त्या काळच्या शिकल्या लोकांनी लिहिलं, कामगार बाया अडाणी आहेत, पोरांना विष देतात. मी म्हणते, त्या अडाणी नव्हत्या. त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या : नोकरी सोडून पोर उपाशी मारायची, नाहीतर पोर गुंगीत ठेवून चूल पेटवायची. अफू हे त्या काळच्या भांडवलाचं पाळणाघर होतं. खर्च एक गोळीचा, तोही आईच्या पगारातून. मालकाला दमडी पडली नाही.

४

हा खर्च मालकाच्या आणि सरकारच्या माथी बसला पाहिजे, हे कुणी म्हटलं? इथे आपल्या घरचा इतिहास सुरू होतो.

त्याआधी फुल्यांचा उंबरा. १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवलेल्या ब्राह्मण विधवा तिथे येऊन बाळंत होत. त्यांची पोरं सावित्रीबाईंनी न्हाऊमाखू घातली, त्यातलाच यशवंत पोटचा म्हणून वाढवला. ज्या जातीने फुल्यांवर शेण फेकलं, त्या जातीचं टाकलेलं पोर त्यांच्या मांडीवर. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातला आजारी पोरगा सावित्रीबाईंनी पाठीवर टाकून दवाखान्यात आणला. पोरगा जगला. १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. दुसऱ्याचं पोर सांभाळणं जातीच्या हुकमाने झालं तर गुलामी आणि जात मोडून झालं तर क्रांती. फरक एवढाच आहे आणि एवढा मोठा आहे.

मग बाबासाहेब. त्यांना स्वतःला आई आठवण्याइतकी मिळाली नाही. १८९६ साली भीमाबाई गेल्या, आत्या मीराबाईने भिवाला सांभाळलं. पुढे रमाईची चार लेकरं हातची गेली, राजरत्न १९२६ साली. दारिद्र्यात पोर कसं मरतं हे बाबासाहेबांना कुठल्या अहवालात वाचावं लागलं नाही.

१९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं. गिरणीमालकांची ओरड होती, धंदा बुडेल. जुलैमध्ये बाबासाहेब बिलाच्या बाजूने उभे राहिले. त्यांचं म्हणणं साधं होतं. बाळंतिणीला विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, तेव्हा त्याचा भार मोठ्या अंशी सरकारने उचलावा; पण जो मालक बाईच्या श्रमावर नफा काढतो तोही सुटत नाही. १९२९ साली कायदा झाला. रोज आठ आणे. रक्कम चिमूटभर, पण तिच्यामागचा विचार नवा होता. पोर ही एकट्या आईची जोखीम राहिली नाही, कायद्याच्या कागदावर तरी.

१९३४ च्या फॅक्टरी कायद्यात पन्नासहून जास्त बाया असलेल्या कारखान्यांना पाळणाघर काढायला लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. १९४२ ते १९४६ बाबासाहेब मजूरमंत्री होते. त्या काळात खाणीतल्या बायांच्या बाळंतपणाचा कायदा सुधारला आणि खाणमालकांवर पाळणाघरं आली. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासहून जास्त बाया असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालच्या पोरांसाठी पाळणाघर सक्तीचं केलं. १९७६ साली तो आकडा तीसवर आणला.

मग गिरण्यांनी काय केलं? बायाच कमी केल्या. नवी मशिनं, तिसरी पाळी ही कारणं होतीच. पण ज्या कामगाराला बाळंतपण आणि पाळणाघर द्यावं लागतं तो मालकाला महाग वाटू लागला, हेही त्यात होतं. हक्क दिला की माणूसच नको, ही मालकाची जुनी चाल. ती आजही चालते. मी आधी एका सूतगिरणीत होते तिथे पाळणाघराची पाटी होती, पाटीखाली कुलूप होतं, आणि आत सुताचे रिकामे कोन भरलेले होते. इन्स्पेक्टर येणार त्या दिवशी कोन बाहेर आणि पाळणा आत.

५

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. कोकणातली कुटुंबं गावाला परतली, मनिऑर्डर बंद झाली. जी मुंबईत राहिली त्या घरांतल्या बाया कामाला बाहेर पडल्या. कुणी खानावळ चालवली, कुणी पोळ्या लाटल्या, आणि कितीतरी जणी दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करायला, पोरं सांभाळायला गेल्या. गिरणी गेली आणि तिच्या जागी इमारत आली. वरच्या मजल्यावर बाळ, बाळापाशी बाई, आणि बाईचं बाळ दोन स्टेशनं पलीकडे शेजारणीकडे.

इथे एक गोष्ट नीट बघा. पाळणाघराचा कायदा कारखान्यातल्या माणसांची डोकी मोजतो. २०१७ साली मातृत्व लाभाच्या कायद्यात पन्नास कामगारांमागे पाळणाघर आलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या श्रमसंहितांतही आकडा पन्नासचाच, बाया-पुरुष मिळून. पण मोलकरीण प्रत्येक घरात एकटीच असते. सहा घरी काम केलं तरी सहा ठिकाणी एकटीच. म्हणजे जी बाई लोकांचं पाळणाघर झाली आहे, तिला पाळणाघराचा कायदा कधीच लागू होत नाही. आमच्या सिंधुदुर्गातल्या लहान काजू कारखान्यांचंही तेच. वीस-पंचवीस बाया बसून काजू फोडतात, बोटं चिकाने सोलतात, आणि पोर घरी म्हातारीजवळ. आकडा पन्नास होत नाही, म्हणून पोर कायद्याला दिसत नाही.

मोलकरणी गप्प राहिल्या असं मात्र समजू नका. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला. आजारपणाची रजा, पगारवाढ. पांढरपेशा पेठांत भांडी पडून राहिली आणि पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. लढत लढत २००८ साली महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात नोंदणी आली, बाळंतपणाला मदत आली. पगार किती आणि सुटी किती, हे मात्र त्याने ठरवलं नाही.

आणि जात? ती स्वयंपाकघराच्या दारात उभीच आहे. आजही कामाची उतरंड तीच : स्वयंपाकाला ‘चांगल्या’ जातीची, पोराला ‘स्वच्छ’ बाई, लादीला कुणीही, संडासाला आपली. २०१७ साली पुण्यात एका शिकल्यासवरल्या, मोठ्या हुद्द्यावरच्या बाईने पोलिसात तक्रार दिली, की स्वयंपाकिणीने जात लपवली आणि आमचं सोवळं मोडलं. रामाच्या काळात जे आमची माणसं भीत भीत करत होती, ते २०१७ मध्ये पोलिसठाण्याच्या कागदावर गुन्हा म्हणून आलं.

६

सरकारची म्हणून एकच जागा वाडीपर्यंत पोचली, अंगणवाडी. तिच्या मुळाशीही जातीचा उंबरा आहे. १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडकांनी, अनुताई वाघांना बरोबर घेऊन, बालवाडी काढली. वाडीपाड्यावरची गरिबांची पोरं तिथे येईनात. तेव्हा बाईच उठून त्यांच्या अंगणात गेल्या. पोराने शाळेत यायचं ही अट मोडली, शाळा पोराकडे गेली. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली, त्यात आपली धारावी होती.

पण अंगणवाडी थोडे तास चालते आणि आईचं काम दिवसभर. तीन वर्षांखालचं पोर तिथे दिवसभर राहत नाही. सेविकेला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. मान आणि धन, दोन्ही थोडं. डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनीस पन्नासहून जास्त दिवस संपावर होत्या, ते याच्यासाठी. २०२२ साली केंद्राने ‘पाळणा’ योजना आणली, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची. ती आपल्या तालुक्यात कुठल्या वाडीला मिळाली, कुठल्या नाही, हे अर्ज करून विचारणं आपलं काम आहे.

७

आता थोडं आपल्या घरात बघू. बाबासाहेबांच्या पुण्याईने आपल्यातले लोक शिकले, नोकरीला लागले. नवराबायको दोघं कमावती, घरात लहान पोर, म्हणून बाई ठेवली. ठेवा. बाई ठेवणं पाप नाही. पण तुमच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे. तिच्याखाली बाईला कान तुटलेल्या कपात चहा देऊ नका. तिला आठवड्याची सुटी द्या, आजारी पडली तर पगार कापू नका, काम सांगतानाच तास आणि पैसे ठरवा, तिची मंडळाकडे नोंदणी करून द्या. आणि पहिल्याच दिवशी विचारा, ‘ताई, तुमचं पोर कुठे असतं?’ तिने ‘मोठी मुलगी बघते’ म्हटलं, तर तुमच्या घरचा पाळणा त्या मुलीच्या शाळेवर टांगलेला आहे हे समजून घ्या. मग तिच्या वस्तीत पाळणाघर निघावं म्हणून धडपडणं ही तुमचीही जबाबदारी.

आणि कार्यकर्त्यांनो, तुम्हाला एक विचारते. आपल्या बैठका रात्री नऊला असतात. बाया का येत नाहीत, त्यांना जाणीव नाही, असं तुम्ही अहवालात लिहिता. डॉ. बार्न्सच्या काळातले शिकले लोक असंच लिहायचे. बाईला जाणीव आहे. तिच्या कडेवर पोर आहे. तुमच्या बैठकीत पोर कुणी घ्यायचं हे कधी ठरलं का? वक्ता ठरतो, अध्यक्ष ठरतो, सतरंजी कुणी आणायची तेही ठरतो.

वाडीतलं विहार आठवड्यातले सहा दिवस दुपारी रिकामं असतं. तिथे दोन पाळणे टांगा. गावातल्या दोन आज्या बसवा, पण फुकट नाही, वर्गणी काढून पगार द्या. म्हातारीचं काम म्हणजे काम नव्हे, हा आपल्यातलाच मनू आहे. काजू कारखान्यातल्या बाया, हॉटेलातल्या बाया, मासे सुकवणाऱ्या बाया, जात न विचारता सगळ्यांची पोरं घ्या. आणि ग्रामसभेत ठराव मांडा, की हे काम पंचायतीचं, सरकारचं आहे. ते घेईपर्यंत आम्ही चालवू आणि हिशेब मागत राहू. पुढची बैठक त्याच विहारात घ्या, पोरं तिथेच झोपलेली असतील. त्या रात्री पाळण्याची दोरी पोरग्यांनी ओढायची, भाषण बाया करतील.